पंचवीस हजारांच्या आत

रेकॉर्ड रूममध्ये अकरा लोखंडी रॅक होते. प्रत्येक रॅकला पाच फळ्या. त्यांतली एक वाकून खालच्या फळीला टेकलेली, म्हणजे वापरात चोपन्न. त्या चोपन्न फळ्यांवर लाल कापडात बांधलेले सहाशे अठरा गठ्ठे. मला त्यांतले फक्त शेवटच्या तीन वर्षांचे हवे होते. ते चौऱ्याऐंशी भरले आणि त्यांत एक हजार दोनशे बारा दावे निघाले. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा. पंख्याला तीन पाती असायला हवी होती, दोन होती.

"झालं मोजून?" रेकॉर्डकीपर हिप्परगीकाकांनी विचारलं.

"झालं."

"मग आता उंदीर मोजा. दाव्यांपेक्षा त्यांचीच वाढ जास्त आहे."

गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. त्या उन्हाळ्यात मी तेवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.चा प्रवेश ऑगस्टमध्ये, मधले महिने रिकामे. आमच्या जिल्ह्याच्या लघुवाद न्यायालयाची रकमेची मर्यादा वाढवावी का, हे ठरवायला एक समिती नेमली होती आणि तिला दाव्यांचे आकडे काढून देणारं माणूस हवं होतं. दोन महिन्यांचं काम. माझ्या सरांनी माझं नाव सुचवलं.

मर्यादा होती पंचवीस हजार रुपये. तेवढ्यापर्यंतचं येणं असेल तर साधा अर्ज करायचा, वकील लावायची सक्ती नाही, चार-पाच महिन्यांत निकाल. पंचवीस हजारांच्या वर एक रुपया जरी असला तरी दिवाणी न्यायालय, वकील, तारखा, आणि वर्षं. ही मर्यादा घातली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते.

पहिल्या तीन आठवड्यांत मी सगळे दावे एका तक्त्यात उतरवले. तक्त्याला नऊ रकाने होते : क्रमांक, तारीख, वादीचं आडनाव, पत्ता, प्रतिवादी, कशाचं येणं, रक्कम, निकाल, निकालाला लागलेले दिवस. मग रकमेचा आलेख काढला, हजार-हजाराच्या खांबांचा. तीन ते चार हजारांपाशी सगळ्यांत उंच खांब, तिथून उतरता उतार. वीस हजारांपाशी प्रत्येक खांबात जेमतेम वीस-बावीस दावे. असा उतार मला अपेक्षितच होता. पण शेवटचा खांब, चोवीस ते पंचवीस हजारांचा, एकदम वर गेलेला. त्यात दोनशे एक्याण्णव दावे होते.

असा खांब दिसला की आधी आपलं मोजमाप तपासायचं, असं आम्हाला शिकवलेलं. मी पुन्हा मोजलं. दोनशे एक्याण्णवच.

"काका, लोकांचं येणं बरोबर चोवीस हजार नऊशे नव्वदच कसं असतं?"

हिप्परगीकाकांनी पानाची पिंक टाकायला खिडकी गाठली, तिथूनच आवारातल्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. "ते तिकडं ठरतं. अत्तारचाचांकडं."

शेडखाली चार अर्जलेखक बसत. अत्तारचाचा सगळ्यांत जुने. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचा टाइपरायटर मराठी होता आणि त्याचा 'क्ष' उमटत नसे, तो ते नंतर पेनानं काढत.

"या मॅडम. तुम्ही त्या मोजणाऱ्या," ते म्हणाले. "हिप्परगी सांगत होता, पंख्याची पातीसुद्धा मोजलीत म्हणून."

मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला, शेवटच्या खांबावर नख ठेवलं.

"हा मी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कुणी येतं, बेटा, एकतीस हजार येणं घेऊन. मी विचारतो, सहा हजारांवर पाणी सोडतोस की सहा वर्षांवर? माणूस सहा हजार सोडतो. मी लिहितो, वरची रक्कम वादीनं स्वखुशीनं सोडली आहे. एकदा सोडली की सुटली, परत मागता येत नाही. दहा रुपये कशाला कमी लिहितोस म्हणून विचारतात. म्हटलं, काठावर उभं राहू नये, वारा असतो."

मी वहीत लिहून घेतलं. मला फार आनंद झाला होता. तो खांब म्हणजे लोकांनी कातरून टाकलेलं नुकसान होतं, आणि ते मी मोजू शकत होते. मर्यादा वाढवायला यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

"आणि ज्याचं पन्नास हजार येणं आहे तो?"

चाचा टाइपरायटरच्या रुळाकडे बघत राहिले. "तो नशीबवान नाही," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात एक बाई आली आणि बाकड्यावर बसली. पन्नाशीची, उंच, हातांची कातडी मनगटापर्यंत वेगळ्याच रंगाची, भाजून भाजून गडद झालेली. तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या काढल्या आणि चाचांपुढे ठेवल्या.

"फी आणलीस होय महानंदा," चाचा म्हणाले.

"फी कुठली वो. तुमच्या दातांना व्यायाम." मग माझ्याकडे बघून, "ह्या कोण?"

"सरकारी मोजणीवाल्या."

"मग मला मोजा की," ती म्हणाली आणि हसली. "येक नग."

महानंदा बिराजदार भाकरीचं केंद्र चालवायची. गाळा भाड्याचा, हाताखाली सहा बाया, त्यांत एक तिची धाकटी जाऊ गौराबाई. एका वसतिगृहाच्या मेसला रोज दोनशे चाळीस भाकऱ्या जायच्या. मेसचा ठेकेदार म्हेत्रे पहिलं वर्षभर नीट पैसे देत होता. मग तीन महिने 'उद्या' म्हणाला आणि मग म्हणाला, भाकऱ्या मोजून कमी यायच्या, मी देणं लागत नाही.

"कमी?" महानंदा मला सांगत होती. "मी शंभराच्या थप्पीला दोन वर टाकते. मोडल्या तर पोरं उपाशी राहू नयेत म्हणून. आणि हा म्हणतो कमी."

ज्वारीवाल्यानं उधार बंद केलं, केंद्र बंद पडलं, बाया घरी बसल्या. जूनमध्ये वसतिगृह उघडणार होतं, नवा ठेकेदार येणार होता आणि तो तिच्याकडूनच भाकऱ्या घेणार होता. गाळ्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता. दाव्याचा निकाल एकवीस तारखेला होता.

"लागला की दुसऱ्या दिवशी तवा टाकते," ती म्हणाली. "तुम्ही पण या खायला."

"किती येणं आहे, मावशी?"

"चव्वेचाळीस हजार तीनशे."

मी चाचांकडे पाहिलं. चाचा चष्मा पुसू लागले.

त्या संध्याकाळी मी तक्ता पुन्हा लावला, या वेळी रकमेनं नाही, पत्त्यानं. एकच तारीख, एकच पत्ता, एकच प्रतिवादी, लागोपाठचे क्रमांक. अशा चौतीस जोड्या निघाल्या. एकतीस निकाली, तीन चालू. चालू जोड्यांपैकी एक : महानंदा बिराजदार विरुद्ध म्हेत्रे, बावीस हजार एकशे पन्नास; गौराबाई बिराजदार विरुद्ध म्हेत्रे, बावीस हजार एकशे पन्नास. दोघींच्या प्रतिज्ञापत्रात एकच वाक्य होतं : मी माझ्या स्वतंत्र चुलीवर रोज एकशे वीस भाकऱ्या करून पुरवत होते.

दुसऱ्या दिवशी शेड उघडण्याआधीच मी तिथे होते.

"चाचा, एकाच पत्त्याच्या चौतीस जोड्या निघाल्या. महानंदामावशींकडे दोन चुली आहेत का?"

त्यांनी सावकाश टाइपरायटरवरचं फडकं काढलं, घडी घातली. "भाकऱ्या होत्या की नाही, ते विचारा. खाल्ल्या की नाही. पैसे बुडवले की नाही."

"पण दावा एकच आहे. तो फोडला तर..."

"फोडला नाही तर दिवाणीत जातो. वकिलाचे पंधरा हजार, तारखा आठ वर्षं. तोवर महानंदाच्या हाताला तवा उचलायची ताकद राहील का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "सगळ्यांना नाही लिहून देत मी असं. तीन वर्षांत तुमच्या त्या चौतीस. ज्यांचं खरंच बुडालंय आणि ज्यांना सोडणं परवडत नाही, तेवढेच."

मी वही मिटली.

"बेटा, तुम्ही चांगलं काम करताय. मर्यादा वाढू दे, मला हा धंदा करावा लागणार नाही. आकडा द्या त्यांना. चौतीस म्हणा, खुशाल म्हणा. पण दाव्यांचे नंबर देऊ नका."

"नाही देणार, चाचा."

"बघा हं."

"नाही देणार म्हटलं ना."

त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. इतकी पातळ आणि कडक की दातांखाली आवाज झाला. आम्ही दोघं थोडा वेळ तेच खात बसलो.

समितीची बैठक सोळा तारखेला विश्रामगृहात झाली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, सचिव पोंक्षे, महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका, आणि वकील मंडळींचे प्रतिनिधी म्हणून दुधनीकर वकील. मी आलेख भिंतीला चिकटवला. शेवटच्या खांबापाशी आल्यावर सगळे पुढे झुकले, ते मला अजून आठवतं. कातरलेल्या रकमांबद्दल सांगितलं. मग मी म्हणाले की चौतीस प्रकरणांत एकच दावा दोन नावांनी फोडलेला दिसतो, म्हणजे मर्यादा इतकी तोकडी आहे की लोकांना वाकडी वाट धरावी लागते.

पोंक्षे म्हणाले, "उत्तम. एवढं पुरे आहे. अहवालात आकडा घालू."

तिथेच संपलं होतं ते.

"एक मिनिट," दुधनीकर म्हणाले. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "या मुलीनं तीन आठवडे कोर्टात काढले, मी तीस वर्षं काढली. दोन नावांच्या जोड्या म्हणे. गावात बिराजदार किती, पाटील किती? शेजारीपाजारी राहतात, एकाच दुकानदाराशी भांडतात. योगायोग असतात. हे आकडे कुठल्या टपरीवर जमवले?"

प्राध्यापिकाबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, नुसत्याच हसल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"योगायोग नाहीत," मी म्हणाले. "मी पत्ता, तारीख आणि क्रमांक तिन्ही जुळवलेत. योगायोगानं असं घडायची शक्यता मी काढली आहे."

"शक्यता," दुधनीकर म्हणाले. "म्हणजे अंदाज."

माझ्या फाइलमध्ये शेवटी एक कागद होता. तो मी स्वतःसाठी केला होता. कुणी विचारलं तर आपल्याकडे आधार असावा, म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत आधाराशिवाय आकडा मांडला की सर वही परत फेकायचे. कान तापले होते. मी तो कागद काढला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"अंदाज नाही. चौतीस जोड्या, अडुसष्ट क्रमांक. कुठलाही गठ्ठा काढून बघा."

दुधनीकरांनी चष्मा चढवला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. शेवटाकडे एका ओळीवर बोट थांबलं, मग पुढे सरकलं. कागदाची घडी घालून त्यांनी ती डायरीत ठेवली.

"माझे शब्द मागे," ते म्हणाले. "मुलीचं काम पक्कं आहे."

अध्यक्षांनी टेबलावर दोनदा हात आपटून शाबासकी दिली. पोंक्षे म्हणाले, अशी माणसं मिळत नाहीत हल्ली. घरी जाताना मी स्वतःला सांगितलं की क्रमांक म्हणजे काही नाव नव्हे.

माझ्या तक्त्यात नऊ रकाने होते. प्रतिवादीच्या वकिलाचा रकाना मी घेतला नव्हता. गरज वाटली नव्हती.

एकवीस तारखेला मी कोर्टात गेले ते निकाल ऐकायला. महानंदा आणि गौराबाई पहिल्या बाकावर होत्या, दोघींनी इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या. महानंदानं मला पाहून शेजारची जागा हातानं झाडून दिली. म्हेत्रे मागे उभा होता. पुकारा झाला आणि त्याच्या बाजूनं दुधनीकर उठले.

"निकालाआधी एक गोष्ट नजरेस आणायची आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही दाव्यांची प्रतिज्ञापत्रं एकाखाली एक धरून वाचली. पहिलं वाचलं, थांबले, दुसरं वाचलं. माझ्या कागदाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

न्यायाधीशांनी दोन्ही कागद मागून घेतले. बराच वेळ पाहिले. आवाज न चढवता विचारलं, "बिराजदार बाई, तुमच्या केंद्रात चुली किती?"

गौराबाईनं पदर तोंडाला लावला. महानंदा उभी राहिली.

"चूल एकच, साहेब," ती म्हणाली. "तवे दोन."

"पैसे कोणाशी ठरले होते?"

"माझ्याशी."

"दोघींशी वेगवेगळे नाही?"

"ती माझी जाऊ आहे, साहेब. वेगळं कसं ठरणार?"

कुणीतरी मागे हसलं. न्यायाधीशांनी त्या दिशेला बघितल्यावर थांबलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही खरं बोललात, पण कागद खोटा आहे, आणि मला कागदावर चालावं लागतं. दोन्ही दावे खोट्या प्रतिज्ञापत्रावर उभे आहेत. दोन्ही फेटाळले. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली.

बाहेर महानंदा शेडखाली येऊन बसली. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती प्यायली नाही, हातात धरून राहिली.

"पुन्हा लिहूया?" तिनं विचारलं. "येकाच चुलीचा?"

"नाही लिहिता येत," चाचा म्हणाले. "फेटाळलेला दावा परत आणता येत नाही. वर अपील आहे. पण त्याला वकील लागतो."

"वकिलाला किती?"

गौराबाई रडत होती. महानंदानं तिला कोपरानं ढोसलं. मग माझ्याकडे वळली.

"पोरी, तू शिकलेली. त्या वकिलाला कळलं कसं गं? चाचांनी कागद किती नीट लिहिले होते. चार महिने कुणाला दिसलं नाही."

चाचांचे हात टाइपरायटरवर होते. ते थांबले.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले.

चाचांनी रुळात कोरा कागद घातला, कडा जुळवल्या, आणि तो टाइप न करता तसाच ठेवला. गौराबाईला घेऊन महानंदा फाटकाबाहेर गेली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मर्यादा वाढेल आता. तुमचं काम पक्कं आहे, मॅडम."

मर्यादा वाढली. अकरा आठवड्यांनी अधिसूचना निघाली : पंचवीस हजारांची एक लाख. पोंक्ष्यांनी अहवालाची एक प्रत मला पाठवली, त्यात शेवटच्या पानावर माझे आभार होते. क्रमांकांचा कागद परिशिष्टात नव्हता. तो त्यांना छापण्यासारखा वाटला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आले तेव्हा महानंदाला शोधत गेले. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान होतं. त्या दुकानदारानं पत्ता दिला : स्टँडमागे दुसऱ्याच कुणाचं तरी भाकरी केंद्र, तिथे ती शेकड्यावर मजुरीनं काम करत होती. मी काय बोलायचं ते रिक्षात तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं होतं : मावशी, त्या दिवशी मी खोटं बोलले.

तिनं मला लगेच ओळखलं. "मोजणीवाली," ती बाकीच्या बायांना म्हणाली. बसायला पाट दिला. हात थांबले नाहीत. पिठाचा गोळा, परातीत थाप, तव्यावर टाकणं, पाण्याचा हात फिरवणं.

"गौराबाई?"

"माहेरी गेली. ती बोलत नाही माझ्याशी. म्हणते, कोर्टात मला खोटं पाडलंस. मी तरी काय बोलणार होते?" भाकरी उलटली. "चाचा बरे आहेत ना? मी तिकडं जात नाही आता."

"बरे आहेत."

"मर्यादा का काय ती वाढली म्हणे."

"हो. एक लाख झाली."

"म्हणजे आता माझे चव्वेचाळीस हजार बसले असते?"

"बसले असते."

"येका अर्जात?"

"एका अर्जात."

तिनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी होईल." पुढचा गोळा घेतला. "तुझं काय चाललंय? काहीतरी सांगायला आली होतीस ना? तोंडावरून दिसतंय."

"नाही," मी म्हणाले. "सहज आले होते."

मी तिथे पन्नास मिनिटं बसले. तेवढ्या वेळात महानंदानं सदतीस भाकऱ्या केल्या.